रानकोंबड्याच्या माना

शाळेत बाईंनी विचारलं, बाबा काय करतात, की मी सांगायचे, माश्या बांधतात. वर्ग हसायचा. "मारतात म्हणायचंय का तुला?" असं बाई विचारायच्या. मी पुन्हा सांगायचे, मारत नाहीत, बांधतात.

मासे धरायच्या गळावर दोरा, लोकर आणि पिसं गुंडाळून खोटी माशी करायची, ती पाण्यावर टाकली की मासा तिला खरी समजून तोंड उघडतो. विलायतेत थंड पाण्याच्या नद्यांवर हौशी लोक असे मासे धरतात आणि बहुतेक वेळा परत सोडून देतात. आमच्या वर्कशॉपमध्ये कामाला येणाऱ्या उत्तनच्या कोळीवाड्यातल्या एका मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिने हातातला चिमटा खाली ठेवला.

"धरून परत सोडतान? मंग धरतान कशाला?"

"हौस असते, मावशी."

"आमच्या म्हाताऱ्याला ही हौस न्हाय लागली ते बरा हाय. पोरा उपाशी मेली असती."

या हौसेवर आमचं घर चाललं. त्यामुळे मी त्या हौसेला कधी हसले नाही.

बाबा तरुणपणी रत्नागिरीकडून मुंबईला आले ते अशा माश्या बनवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत लागले. त्या कामाला माणसं सहज मिळत नसत. मेलेल्या पक्ष्याची पिसांसकट सोललेली, वाळवलेली मान मांडीवर घेऊन बसायचं आणि तिच्यातून एकेक पीस निवडून उपटायचं. पुष्कळांना त्याचा विटाळ वाटे. बाबांना कामावर घेतलं ते त्यांची जात विचारून, असं ते स्वतः सांगत. सांगताना हसत नसत.

गावी आमच्या लोकांनी मेलेली गुरं ओढणं आणि सोलणं माझ्या आजोबांच्या काळात बंद केलं होतं. धम्म घेतला, गावाचा मार खाल्ला, पण पुन्हा सुरीला हात लावला नाही. म्हणून 'कातडी' हा शब्द बाबांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. कंपनीच्या इंग्रजी चिठ्ठ्यांवर त्या मालाला कातडीच म्हटलेलं असे. बाबा त्याला 'मान' म्हणत. अनेकवचन माना. मग कंपनीतले सगळेच माना म्हणू लागले आणि नंतर आमच्या वर्कशॉपमध्येही तोच शब्द चालला. हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

सगळ्यात मोलाची मान राखाडी रानकोंबड्याची. त्याच्या मानेवरच्या पिसाच्या टोकाशी पांढरट-पिवळा ठिपका असतो. रंग दिल्यासारखा नाही, नखासारखा कडक आणि चकचकीत. त्याला आम्ही डोळा म्हणतो. माशीच्या दोन्ही बाजूंना असा एकेक डोळा बसवला की पाण्यात ती जिवंत दिसते, असा त्या हौशी लोकांचा विश्वास. या विश्वासापायी आपल्या रानांतले किती कोंबडे गेले असतील ते गेले. पुढे कायदा आला, बंदी आली, कंपनीचा तो धंदा बसला. बंद करताना मालकाने उरलेल्या माना जुन्या कामगारांत वाटून टाकल्या. बाबांच्या वाटणीच्या माना एका पत्र्याच्या ट्रंकेत घरी आल्या. मी तेव्हा रांगत होते.

नंतर आम्ही भाईंदरला आलो, गोडदेवला घर घेतलं आणि खारीकडे एका गाळ्यात बाबांनी स्वतःचं वर्कशॉप काढलं. माल बदकाचा, हंसाचा आणि गावठी कोंबड्याचा. चिकनच्या दुकानातलं ब्रॉयलरचं पीस कुचकामी असतं. ते कोंबडं वयात यायच्या आत कापलेलं असतं, पिसाला ताठपणाच येत नाही. उत्तनच्या बायका घरचे म्हातारे कोंबडे कापले की माना मीठ लावून आमच्यासाठी ठेवत. मोरपीसही आम्ही वापरत नव्हतो. आपोआप गळलेलं मोरपीस देशात ठेवता येतं, विकता येतं, पण बाहेर पाठवता येत नाही. देव्हाऱ्यात चालतं, पार्सलात नाही. गिऱ्हाइकांना हे समजावण्यात माझी निम्मी इंग्रजी खर्च झाली.

आणि रानकोंबड्याच्या डोळ्याची उणीव आईने भरून काढली. गावठी कोंबड्याच्या काळ्या-करड्या पिसावर ती नेलपॉलिशने डोळा काढायची. इतर बायका बारीक ब्रश वापरत. आईला ब्रश जमत नसे, ती टाचणीचं डोकं बुडवून ठिपका द्यायची. आधी पांढरा, तो वाळला की त्याच्या टोकाला पिवळा. टाचणीमुळे तिचा डोळा जरा फुगीर यायचा, मधोमध सुईच्या टोकाएवढी खोली. शेकड्यात मिसळला तरी मी तिचा डोळा ओळखायचे. नंतर तिला मोतीबिंदू झाला. ठिपके पिसाच्या कडेला सरकू लागले, तशी बाबांनी तिला हळूच पॅकिंगला बसवलं. डोळ्याचं ऑपरेशन बाबांच्या शेवटच्या आजारपणात झालं, तोवर तिची टाचणी सुटली होती. असं मला वाटत होतं.

ट्रंकेतल्या माना बाबांनी कधी वापरल्या नाहीत. फक्त जपल्या. जुन्या पिसाला सांभाळणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सांभाळण्यासारखं असतं. ऊन लागलं की रंग उडतो, ओल लागली की बुरशी येते आणि काहीच लागलं नाही तरी कसर लागतेच. बाबा अधूनमधून ट्रंक उघडत, माना बाहेर काढत, मुळाशी फुंकर मारून बघत. शंका आलीच तर ती मान प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये टाकत, म्हणजे अंडी मरतात. फ्रीजर आईचा.

"माझ्या बोंबलांना तुमच्या कोंबड्याचा वास येईल."

"बोंबलाला दुसरा कुठला वास येतो होय," बाबा म्हणत. "त्याचा तोच पुरून उरतो."

मग ते साबणाने कोपरापर्यंत हात धूत. कंपनीच्या काळात कीड लागू नये म्हणून मालाला पांढरी पूड चोळत, ती विषारी होती असं त्यांना नंतर कुणीतरी सांगितलं होतं. आम्हा मुलांना त्या ट्रंकेला हात लावायची बंदी होती. कायद्याने बंदी आहे हे घरात कुणाच्या मनातही नव्हतं.

बाबा गेले. वर्कशॉप आधीपासूनच माझ्या नावावर होतं. निर्यातीचा परवाना माझा, सह्या माझ्या, आठ-दहा बायकांचं पोट त्या सह्यांवर. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे माझं जे काही आहे ते तो गाळा. म्हणून ट्रंक आठवल्याबरोबर मी भाईंदर पश्चिमेच्या एका वकीलबाईंकडे गेले. धंद्यातल्या माणसाने आधी कागद बघावा, रडणं नंतर.

वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं ते थोडक्यात असं. माल जुना आहे, बंदीच्या आधीचा आहे, याने काही होत नाही. तसा माल ज्यांच्याकडे होता त्यांना तो जाहीर करून मालकीचा दाखला घ्यायला सांगितलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी सरकारने पुन्हा एकदा मुदत दिली, पेपरात नोटीस आली. दाखला असता तर वारसाला माल घरात ठेवता आला असता. विकता तर दाखला असूनही आला नसता. दाखला नसलेला माल ठेवणं हाच गुन्हा.

"मग जाहीर का नाही केलं वडिलांनी? नोटिशीत तर स्पष्ट होतं."

मला ती संध्याकाळ आठवत होती. भावाने नोटीस मोठ्याने वाचली होती. वन्यप्राण्यांची कातडी, शिंगं, दात, नखं, भुसा भरलेली मुंडकी ज्यांच्याकडे असतील त्यांनी, वगैरे. बाबांनी चहाचा कप खाली ठेवून म्हटलं होतं, "आपल्याकडे कातडी नाही. आपल्याकडे माना आहेत." आणि विषय संपला होता. मी ते त्यांना सांगितलं.

"मॅडम, पण मान म्हणजे कातडीच ना?" वकीलबाई म्हणाल्या.

"हो."

"मग?"

"त्यांना तसं म्हणणारं घरात कुणी नव्हतं."

त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावत बसले नाही. त्यांनी सल्ला दिला तो सरळ होता. वडिलांच्या पश्चात माल सापडला असं लिहून ठाण्याला वनखात्याकडे स्वतःहून जमा करा. चौकशी होईल, तोंड द्या. लपवलेला सापडला तर वर्कशॉप राहणार नाही.

त्या रविवारी भाईंदरमधल्याच इंद्रलोक वसाहतीतून भाऊ आला. माझ्याहून लहान, खाजगी कंपनीत नोकरी, मुलगा बारावीला. मुलाला परदेशी शिकायला पाठवायचं त्याने ठरवून टाकलं होतं. मी वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं.

"ताई, तू पण ना. जुना माल आहे हा. अँटिक. ऑनलाइन ग्रुप बघ जरा. तिकडची म्हातारी माणसं एकेका मानेसाठी वेडी झालीत. व्हिंटेज म्हणतात त्याला."

"आपल्याकडे त्याला गुन्हा म्हणतात."

"कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तू कायम बघतच असतेस," तो म्हणाला. "म्हणून काही होत नाही आपलं."

आई दाराशी उभी होती. "त्यांनी आयुष्यभर जपलं ते तू सरकारला देऊन टाकणार? सरकार काय करणार त्याचं?"

"जाळत असतील."

"ऐक," ती भावाला म्हणाली, जणू मी खोलीत नव्हतेच. "जाळायला देतेय."

शेवटी ठरलं की बाबांचं वर्षाचं पुण्यानुमोदन होऊ द्यायचं, मग माना जमा करायच्या. तोवर ट्रंकेला कुलूप आणि चावी आईकडे. चावी आईकडे ठेवायची सूचना माझीच. भाऊ ऐकणार नाही, मी ठेवली तर तो वाद घालणार, आई मात्र बाबांची वस्तू हलू देणार नाही, असा विचार मी केला होता. मला तो शहाणपणाचा वाटला होता.

पुण्यानुमोदन झालं. भंतेजी येऊन गेले, नातेवाईक जेवून गेले. त्या आठवड्यात मी आईकडे चावी मागितली. तिने पदराची गाठ सोडून ती दिली. ठाण्याला न्यायच्या आधी माना कागदात एकेक गुंडाळाव्यात म्हणून मी ट्रंक गॅलरीत ओढली आणि झाकण उघडलं.

डांबराच्या गोळ्यांचा वास आला. त्याच्याखाली आणखी एक वास होता. पिकलेल्या केळ्यासारखा, गोड आणि डोक्यात जाणारा. माझं अर्धं आयुष्य त्या वासात गेलंय. नेलपॉलिश.

पहिली मान उचलली. करडी पिसं, टोकाला पांढरा-पिवळा डोळा. नख लावलं. खऱ्या डोळ्यावरून नख घसरतं, इथे किंचित रुतलं. कपाटातून रिमूव्हर आणलं, कापसाचा बोळा ओला करून एका पिसावर टेकवला. डोळा बोळ्यावर उतरला. आधी पिवळा, मग पांढरा. खाली साधं गावठी कोंबड्याचं पीस.

मी सगळ्या माना जमिनीवर मांडल्या. मुळाशी मिठाचे कण होते, उत्तनहून येणाऱ्या मालाला असतात तसे. आमच्याच गोदामातल्या माना होत्या त्या. आणि डोळे फुगीर होते, मधोमध सुईच्या टोकाएवढी खोली. एकही ठिपका कडेला सरकलेला नव्हता. मोतीबिंदू असतानाच्या हाताला हे शक्य नव्हतं. म्हणजे ऑपरेशननंतरचं काम. म्हणजे बाबा गेल्यानंतरचं.

आई स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसली होती.

"आई, ट्रंकेतले डोळे तू काढलेस."

"कसले डोळे?"

"टाचणीचे."

तिने हातातली कोळंबी सोलून पुरी केली, काळा दोरा ओढून काढला, भांड्यात टाकली.

"बरे आलेत ना?" ती म्हणाली. "ऑपरेशननंतर इतकं नीट पहिल्यांदा दिसलं मला."

मी तिच्यावर ओरडले नाही. फक्त तिच्या फोनवरून भावाला बोलावलं, कारण तिचा फोन तो लगेच उचलतो. तो आला. बसला. आईने त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

"खऱ्या कुठायत?"

"ताई, टेन्शन नको घेऊस. गेल्या त्या."

"आणि या?"

"या तू ठाण्याला देऊन टाक ना. तुला द्यायच्याच होत्या. सरकारला काय कळतंय गावठी की रानटी. पावती घे, विषय क्लोज. त्यासाठीच तर आईने एवढी मेहनत घेतली."

म्हणजे मी सरकारी कचेरीत प्रामाणिकपणाने जाऊन रंगवलेल्या कोंबड्या जमा करायच्या, त्याची पावती आणायची आणि त्या पावतीखाली यांची विक्री झाकायची. माझा प्रामाणिकपणा त्यांनी हिशेबात धरला होता. माझी तेवढीच एक गोष्ट त्यांनी पुरती ओळखली होती.

"पाठवल्या कुणाच्या नावाने?"

तो आईकडे बघायला लागला.

"मी विचारतेय. पार्सलवर कुणाचं नाव टाकलंस?"

"आपलंच."

"आपलं म्हणजे?"

"वर्कशॉपचं. तुझ्याकडे एक्सपोर्टचा नंबर आहे ताई, माझ्याकडे कुठाय? फेदर क्राफ्ट लिहिलं होतं फक्त. तुझ्या नेहमीच्या मालात दोन-चार पार्सलं काय ओळखू येणार?"

गाळ्याच्या चाव्या त्याच्याकडे होत्या, बाबांच्या वेळपासून. कस्टमचं काम करणाऱ्या क्लिअरिंगवाल्याचा पोऱ्या पार्सलं घेऊन जायचा, त्याला हा मालकाचा मुलगा म्हणून माहीत होता. सगळं सोपं होतं. चोराला घरात शिरावं लागलं नाही, तो जेवायला यायचा.

मी अजून वकीलबाईंची वेळ घेत होते तेवढ्यात क्लिअरिंगवाल्याचा फोन आला. गुजराती गृहस्थ, वर्षानुवर्षं आमचं काम करणारे.

"बेन, आपका एक पार्सल उधर कस्टम में पकडा है. आपने क्या भेजा था?"

"क्या बोलते हैं वो लोग?"

"बोलते हैं पंख के साथ चमडी निकली. जंगली मुर्गे की. बेन, आप तो ऐसा कभी करते नहीं."

चमडी. बाबांनी आयुष्यभर तोंडात येऊ दिला नाही तो शब्द कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाने पिशवी उघडून एका क्षणात उच्चारला होता आणि तो बरोबर होता.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं की उद्या मी ठाण्याला जाऊन आहे ते सांगणार. खऱ्या माना कुणी विकल्या, कुणाच्या नावाने पाठवल्या, सगळं.

"भावाला आत टाकशील?"

"मी नाही टाकत. मी गप्प बसले तर पार्सलावर माझं नाव आहे. मी जाईन."

आईने गॅसची आच कमी केली. मग म्हणाली, "तुझ्या मागे कोण आहे? त्याला पोरंबाळं आहेत."

रागाने म्हटलं असतं तर मी विसरले असते. तिने भाजी निवडताना किडकी शेंग बाजूला काढावी तसं म्हटलं. तिने विचार केलेला होता. दोन मुलांतलं एक घालवायचंच असेल तर कुठलं, हे तिने ठरवलेलं होतं, आणि ते मलाही पटेल असं तिला खरंच वाटत होतं.

"गाळ्यातल्या बायका आहेत मागे," मी म्हटलं.

"त्या परक्या."

"त्यांनी माझं नाव वापरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना घेऊन मी ठाण्याला गेले. ट्रंक रिक्षात मावेना म्हणून माना कापडी पिशव्यांत भरल्या. तिथले अधिकारी माझ्याच वयाचे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही, ओरडले नाहीत. जबाब लिहून घेताना विचारलं, "मुदत दिली होती तेव्हा वडिलांनी जाहीर का केलं नाही?"

"त्यांना वाटलं नोटीस त्यांच्यासाठी नाही."

"का बरं?"

"नोटिशीत कातडी लिहिलं होतं. ते याला मान म्हणायचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं. 'अज्ञानापोटी.'

"अज्ञान नाही म्हणता येणार साहेब," मी म्हटलं. "त्यांना एकेका पिसाची माहिती होती."

"मग काय लिहू?"

मी विचार केला. आजोबांनी सुरी टाकली तिथपासून सांगावं लागलं असतं. मागे दोन माणसं खोळंबली होती आणि रकाना दोन ओळींचा होता.

"अज्ञानच लिहा," मी म्हटलं आणि सही केली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. भावाला बोलावणं आलं, अटक झाली, जामीन झाला. केस चालू आहे आणि तो तारखांना जातो. मुलगा इथल्याच कॉलेजात शिकतोय. भावजय मला रस्त्यात पाहिलं की रस्ता ओलांडते. माझीही चौकशी चालू आहे, कारण गाळा माझा, नाव माझं, आणि चाव्या त्याच्याकडे का होत्या याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. भाऊ होता, हे उत्तर कागदावर बसत नाही. चौकशी संपेपर्यंत माल बाहेर पाठवायचा नाही असं मला सांगण्यात आलं. जुन्या गिऱ्हाइकांनी काही महिने वाट पाहिली. मग एकेकाने सभ्य भाषेत कळवलं की त्यांनी दुसरीकडे सोय केली आहे. जंगली मुर्ग्याच्या बातम्या त्या हौशी लोकांत आमच्या पार्सलांपेक्षा लवकर पोचतात. आणि गंमत अशी की हेच लोक तसल्या माना विकतही घेतात.

म्हणजे जे वाचवायला मी गेले होते ते वाचलं नाही. मी तुरुंगात नाही एवढंच. खरं सांगून फायदा झाला का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, तोटा कमी झाला.

बायका पांगल्या. भाईंदरला हाताला कला असलेलं माणूस उपाशी राहत नाही, इमिटेशन ज्वेलरीचं काम दर गल्लीत आहे. माश्या बांधणाऱ्या बोटांना खडे चिकटवणं म्हणजे खेळ. उत्तनची मावशी जाताना म्हणाली, "बाय, माशी तरी मासा फसवायची. ह्या खड्यांनी मानसा फसतान." मग चिमटा पर्समध्ये टाकून गेली. चिमटा वर्कशॉपचा होता, मी मागितला नाही. गाळा मी भाड्याने दिला, इमिटेशनवाल्यालाच, आणि त्याचंच ऑफिसचं काम सांभाळते. सकाळी शटर मीच उघडते. टेबलं तीच आहेत.

मध्यंतरी ठाण्याहून फोन आला. जमा केलेल्या माना तपासून झाल्या होत्या. मी गेले. त्याच अधिकाऱ्यांनी पिशव्या पुढे सरकवल्या.

"या साध्या कोंबड्याच्या आहेत. तुम्ही म्हणालात तशाच. घेऊन जा."

"याचं काही लागतं का? दाखला वगैरे?"

"कोंबडीला कसला दाखला, मॅडम."

घरी आल्यावर पिशव्या मी कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवल्या. हात धुऊन येते तो आईने त्या उचलल्या होत्या. आई माझ्याकडेच राहते. भावाच्या घरी जागा नाही असं भावजयीने ठरवलं आहे. आम्ही एकमेकींशी जेवणाचं, औषधाचं आणि पाण्याच्या वेळेचं बोलतो. तिने ट्रंक पुसली, नव्या डांबरगोळ्या टाकल्या आणि माना एकावर एक रचल्या, पिसं एका दिशेला, बाबा रचायचे तशा.

आता दर दोन-तीन महिन्यांनी ती ट्रंक गॅलरीत ओढते, माना काढते, मुळाशी फुंकर मारून कसर बघते. परवा एक मान प्लास्टिकमध्ये बांधून तिने फ्रीजरमध्ये टाकलेली मला बोंबलांच्या शेजारी सापडली. मागच्या वेळी माना बाहेर मांडलेल्या बघून समोरच्या घरातल्या नवीन सुनेने दारातून विचारलं, "आजी, हे काय आहे हो?"

"ह्यांच्या माना आहेत," आई म्हणाली. "जुना माल."

मी आतून ऐकत होते.

पन्नास वर्षं त्या ट्रंकेत गुन्हा होता आणि बाबा होते तोवर तिची चावी खुंटीवर लटकायची. आता आत कुणीही घरात ठेवावं असं काहीतरी आहे. पण आई कुलूप न चुकता लावते, दोनदा ओढून बघते, आणि चावी कुठे ठेवते ते मला सांगत नाही.